आंजर्ल्याचा चढाईपटू प्रो कबड्डीत पोचतो कसा? आणि त्याला घडवणाऱ्या मंडळाला काय मिळतं?

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीचं त्यागराज स्टेडियम. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांत टीव्ही बंद झाले.

पण या हरलेल्या संघाची गोष्ट जिंकलेल्या संघाइतकीच पाहण्यासारखी आहे. पुण्याचा कप्तान अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. पुण्याने त्याला पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्याच्यावर कोटींची बोली लागली नव्हती. तो लिलावात उतरलाच नव्हता. ठरलेल्या मानधनावर, ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणजे नवा तरुण खेळाडू या गटातून तो संघात आला. पुढे त्याने २०२४ मध्ये पुण्याला विजेतेपद मिळवून दिलं.

मग प्रश्न असा, की दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यासारख्या गावातला, सोळा वर्षांचा, पायात वेग असलेला मुलगा या वाटेला लागू शकतो का? लागला तर मध्ये कोणकोणते टप्पे येतात? तो पुढे गेल्यावर त्याला घडवणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं? आणि अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना संघात घेण्यासाठी जी कोट्यवधींची यंत्रणा चालते, तिच्यातून आपल्याला काही शिकता येईल का?

आधी समजून घेऊ, लिलाव चालतो कसा?

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. आज तिच्यात १२ संघ आहेत. गेल्या काही हंगामांत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटी रुपयांची मर्यादा होती. त्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू बसवायचे.

लिलावात खेळाडूंचे चार गट असतात. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २० लाख, क गटाची १३ लाख आणि ड गटाची ९ लाख. जुन्या संघाला आपला खेळाडू परत हवा असेल तर शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून त्याला राखता येतं. याला ‘फायनल बिड मॅच’ म्हणतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. लिलावात पुकारलेली रक्कम म्हणजे खेळाडूचं मानधन. युरोपातल्या फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्या क्लबला खेळाडू सोडण्याची किंमत देतो, तसा हा व्यवहार नाही. त्यामुळे ज्या मंडळात, ज्या शाळेत तो खेळाडू घडला, ते या व्यवहारात कुठेच येत नाहीत. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

लिलावाशिवाय आत जाण्याची दुसरी वाट म्हणजे नवा तरुण खेळाडू हा गट. संघांचे शोधपथक राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा, निवड शिबिरं पाहत फिरतं. त्यातून आवडलेल्या मुलाला ठरावीक मानधनावर करारबद्ध केलं जातं आणि पुढच्या हंगामासाठी राखताही येतं. खेडेगावातल्या मुलासाठी खरी फट हीच.

कोच मोठा की खेळाडू?

कबड्डीच्या कट्ट्यावरचा हा न संपणारा वाद. आकडे पाहिले तर त्याचं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळतं.

पहिली बाजू पाहू. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये लावले. लीगच्या इतिहासात तोवर एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. म्हणजे खिशातल्या ५ कोटींतले निम्म्याहून जास्त एकट्या खेळाडूवर गेले. पवन चांगला खेळला, पण बाकीचा संघ कच्चा राहिला. त्या हंगामात टायटन्स २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि तळाला राहिले.

त्याच लिलावात पुण्याने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. रक्कम जवळपास तेवढीच, निकाल मात्र उलटा. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

फरक कुठे पडला? पुण्याकडे शादलूई यायच्या आधीपासून पोरं तयार होती. अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, हरियाणाचा मोहित गोयत ही मंडळी कमी पैशांत घेतलेली आणि दोन-तीन वर्षं एकत्र खेळलेली. त्यामुळे महागड्या खेळाडूसाठी खिशात पैसे उरले. शिवाय तो आला तेव्हा त्याच्या शेजारी हात धरायला माणसं होती. कबड्डीत पकड एकट्याची नसते. कोपऱ्याने पाय धरला आणि कव्हरने वेळेवर धक्का दिला नाही तर चढाईपटू रेषेवर हात टेकवून निघून जातो. ही वेळ साधणं रोजच्या सरावातूनच येतं.

या काळात पुण्याचे कोच बदलत गेले. अस्लम संघात आला तेव्हा अनुप कुमार कोच होता. २०२२ मध्ये बी. सी. रमेश आले. त्यांनी त्याच वर्षी संघ फायनलला नेला आणि पुढच्या हंगामात विजेतेपद मिळवलं. २०२५ मध्ये अजय ठाकूरच्या हाताखाली संघ पुन्हा फायनलला पोचला. कोच तीन, पण गाभा तोच.

आता दुसरी बाजू. विजेतेपदानंतर पुण्याने शादलूईला सोडलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून हरियाणा चॅम्पियन झाला. दोन वर्षं, दोन संघ, दोन विजेतेपदं आणि खेळाडू एकच. मोठ्या खेळाडूचं वजन असतं ते असं. पण २०२५ मध्ये गुजरातने २ कोटी २३ लाख मोजून त्याला घेतलं, तेव्हा संघ पहिल्या आठांतही आला नाही.

थोडक्यात, मोठा खेळाडू तयार संघाला शिखरावर नेतो. कच्च्या संघाला तो वर काढू शकत नाही. आणि तयार संघ उभा राहतो तो स्वस्तात मिळालेल्या, वेळेवर हेरलेल्या तरुण पोरांवर. म्हणूनच प्रत्येक मालकाला आज आंजर्ल्यासारख्या गावातल्या पोराची गरज आहे.

आंजर्ल्यापासून मॅटपर्यंतचे टप्पे

आंजर्ले लोकांना माहीत आहे ते कड्यावरच्या गणपतीमुळे, जोग नदीच्या खाडीमुळे आणि किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांमुळे. नारळी-पोफळीच्या बागा, आंबा, आजूबाजूला मासेमारी आणि गेल्या काही वर्षांत वाढलेलं पर्यटन. कोकणातल्या कुठल्याही गावासारखीच इथलीही बरीच घरं मुंबईच्या पगारावर उभी आहेत.

कोकणात कबड्डीचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो. शेतं मोकळी होतात, जागा सपाट करून मैदान आखलं जातं, रात्री दिवे लावून सामने होतात. एखाद्या वाडीच्या संघात चमकलेल्या मुलापुढची शिडी साधारण अशी असते.

पहिली पायरी म्हणजे शाळा. क्रीडाशिक्षक चांगला असेल तर मुलगा तालुका आणि जिल्हा शालेय स्पर्धेत दिसतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, म्हणून घरचेही फारसे अडवत नाहीत.

दुसरी पायरी म्हणजे जिल्हा संघटनेशी संलग्न मंडळ. शालेय स्पर्धा वेगळ्या आणि संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या. किशोर, कुमार आणि वरिष्ठ अशा गटांत वय आणि वजन दोन्हीची अट असते. वरिष्ठ पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा आहे. मंडळाची नोंदणी नसेल तर मुलगा कितीही चपळ असो, निवड चाचणीच्या यादीत त्याचं नाव येत नाही.

तिसरी पायरी जिल्हा संघ. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जिल्ह्यांचे संघ भिडतात आणि त्यातूनच महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. इथे भूगोल आडवा येतो. रत्नागिरी जिल्हा लांबुळका. दापोली आणि मंडणगड ही त्याची उत्तरेकडची टोकं. जिल्ह्याचं मुख्यालय घाटवळणांच्या रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटरवर. सराव शिबिर, चाचणी किंवा साधी कागदपत्रं यांसाठी एक दिवस आणि बसभाडं जातं. त्यात पर्यटनाचा आणि कबड्डीचा हंगाम एकाच वेळी येतो. घरी पाहुण्यांची सोय करायला हात हवे असतात तेव्हाच पोराला सामन्याला जायचं असतं.

चौथी पायरी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. प्रो कबड्डीचे शोधपथक मुख्यतः इथे बसलेलं असतं.

आणि या सगळ्यात एक छुपी पायरी आहे, ती म्हणजे माती ते मॅट. मोठ्या स्पर्धा १३ बाय १० मीटरच्या मॅटवर होतात. मातीत पाय रोवून पकड करणाऱ्या मुलाला मॅटवर वेगळे बूट, वेगळा वेग आणि वेगळी पडण्याची सवय लागते. सतरा-अठराव्या वर्षी पहिल्यांदा मॅट पाहणारा मुलगा रोज मॅटवर खेळणाऱ्याच्या दोन वर्षं मागे असतो. निवडणाऱ्याला ही दोन वर्षं गुणवत्तेतली कमतरता वाटते. प्रत्यक्षात ती सोयीतली कमतरता असते.

असं असूनही रत्नागिरी जिल्ह्याने खेळाडू दिले आहेत. बचावपटू शुभम शिंदे रत्नागिरीचाच. पाटणा पायरेट्स २०२४ च्या फायनलपर्यंत पोचले त्या हंगामात तो त्या संघात होता. जिल्ह्यात सोयीही हळूहळू येत आहेत. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टचं मोठं क्रीडासंकुल आहे आणि तिथे दरवर्षी डेरवण यूथ गेम्स होतात. त्याच संस्थेचं वालावलकर रुग्णालयही तिथे आहे. गुडघा गेला की करिअर जातं अशा खेळात ही जोड महत्त्वाची आहे. पण दापोलीच्या किनाऱ्यावरच्या मुलासाठी डेरवण रोजच्या सरावाचं ठिकाण होऊ शकत नाही.

मुंबई ही पहिली भरती करणारी

प्रो कबड्डी यायच्या कितीतरी आधीपासून कोकणातली पोरं हेरली जात होती. हेरणारी होती मुंबई.

गिरण्यांच्या काळात कोकणातून आलेला माणूस लालबाग, परळ, डिलाईल रोड, प्रभादेवीच्या चाळींत राहिला आणि त्याच्यासोबत हुतूतूही आला. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत मंडळं उभी राहिली. गावाकडचा चांगला खेळाडू चाकरमान्यांच्या ओळखीने मुंबईत यायचा, खोलीवर राहायचा, मंडळाकडून खेळायचा. त्यातून एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी लागली की घर तरलं.

ही ‘व्यावसायिक’ म्हणजे कंपन्यांच्या संघांची कबड्डी महाराष्ट्राचा कणा होती. भारत पेट्रोलियम, महिंद्रा, एअर इंडिया, मध्य रेल्वे असे संघ खेळाडूला पगार द्यायचे. तो पगार हंगामापुरता नव्हता, निवृत्तीपर्यंतचा होता. ३२ व्या वर्षी खेळ सुटला तरी नोकरी राहायची.

या पद्धतीचा एक परिणाम असा झाला, की नोकरीसाठी मुंबईत गेलेला रत्नागिरीचा मुलगा बहुधा मुंबईकडूनच खेळू लागला. रेल्वे किंवा सेनादलात गेला तर तो महाराष्ट्राकडूनही खेळत नाही, कारण राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलाचे स्वतंत्र संघ असतात. म्हणजे गाव जिल्ह्याला खेळाडू देतं, जिल्हा मुंबईला देतो आणि राज्य तो रेल्वेला देतं. प्रत्येक पायरीवर खालचा माणूस टाळ्या वाजवतो आणि पुन्हा शून्यातून सुरुवात करतो. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला हरवून वरिष्ठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यासाठी राज्याला दशकाहून जास्त काळ थांबावं लागलं होतं.

आज कायम नोकऱ्यांचे संघ कमी होत चाललेत आणि हंगामी करार वाढलेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्तराची प्रमाणपत्रं लागतात. लीगमध्ये ९ लाख मिळवणाऱ्या मुलाला ती रक्कम मोठी वाटते आणि ती आहेच. पण पुढच्या हंगामात बोली लागली नाही तर हातात काय राहील, हा प्रश्न त्याच्या आईवडिलांनी आजच विचारायला हवा.

अमेरिकेत कॉलेज काय करतं?

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात तो. तिथे व्यावसायिक लीगमध्ये जाण्याची वाट गावच्या मंडळातून जात नाही. ती शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून लीगमध्ये जाते.

त्यामुळे कॉलेजचे कोच वर्षभर एकच काम करत असतात, शाळांतली मुलं हेरणं. मुलांना एक ते पाच तारे देणाऱ्या संस्था आहेत. कोच स्वतः घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन सात राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या यशाचं मोठं कारण डावपेचांइतकंच हेही सांगितलं जातं, की देशातली सर्वांत गुणी पोरं दरवर्षी त्यांच्याकडे यायची.

गेल्या काही वर्षांत हे चित्र पार बदललं. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे कमावता येऊ लागले. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं सोपं झालं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा होती प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सर्व खेळ मिळून. फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादाही तेव्हाच आली.

याचा परिणाम इंडियाना विद्यापीठात दिसला. २०२३ मध्ये हा संघ १२ पैकी ३ सामने जिंकला होता. कर्ट सिग्नेटी हे नवे कोच आले. येताना त्यांनी आपल्या आधीच्या कॉलेजातले डझनभर खेळाडू सोबत आणले. २०२४ मध्ये संघ १३ पैकी ११ सामने जिंकला. कोच आणि खेळाडू एकत्र उचलून आणले तर काय होतं, याचं हे उदाहरण. आधीच्या कॉलेजने ज्यांना घडवलं ते एका हिवाळ्यात निघून गेले, ही त्याचीच दुसरी बाजू.

आपली कॉलेजं कुठे आहेत?

दापोली परिसरातली कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. विद्यापीठाचं कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचं. कबड्डीसाठी याहून सुपीक पट्टा देशात शोधावा लागेल.

तरीही खेळाडूच्या आयुष्यात आपलं कॉलेज बहुतेक वेळा हजेरीची सवलत आणि प्रमाणपत्र एवढ्यापुरतंच येतं. चांगल्या मुलाला वसतिगृह, खुराक, मॅट आणि प्रशिक्षित कोच देऊन तीन वर्षं घडवायचं, असं फार थोड्या ठिकाणी होतं.

दार मात्र उघडलेलं आहे. २०२४ च्या प्रो कबड्डी लिलावात खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सच्या दोन अंतिम संघांतल्या २४ खेळाडूंचा समावेश केला होता. म्हणजे विद्यापीठाचा संघ फायनलला गेला तर त्याचा प्रत्येक खेळाडू थेट लिलावाच्या यादीत. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या मुलाला प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय दरमहा १०,००० रुपये भत्ताही आहे. या वाटेला जिल्हा संघटनेची पायरी लागत नाही. उत्तर रत्नागिरीतल्या कॉलेजांनी एकत्र येऊन दापोलीत एक मॅट टाकली आणि एक पूर्णवेळ कोच ठेवला, तरी किनाऱ्यावरच्या पोरांची ती दोन वर्षं वाचतील.

मुलींचं काय?

ही शिडी मुलींसाठी आणखी अर्धवट आहे. मार्च २०१२ मध्ये पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भारताने पुन्हा विश्वचषक जिंकला.

पण प्रो कबड्डीसारखी मुलींची लीग उभी राहिली नाही. २०१६ मध्ये तीन संघांचा ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झाला, तो तिथेच थांबला. त्यामुळे आंजर्ल्यातल्या मुलीसाठी शेवटची पायरी आजही नोकरी हीच आहे. रेल्वे, पोलीस किंवा एखादी बँक. तिच्या घरच्यांनी लीगच्या झगमगाटापेक्षा प्रमाणपत्रांची फाईल जपणं जास्त शहाणपणाचं.

मग मंडळाला काय मिळतं?

आता सुरुवातीचा मुद्दा. मुलगा लीगमध्ये गेला की गावात फलक लागतो, सत्कार होतो. त्याला दहा वर्षं सकाळी उठवणाऱ्या मंडळाच्या खात्यात मात्र एक रुपयाही येत नाही.

जगात याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर फुटबॉलच्या फिफाचं. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात पैसे मोजून गेला, की त्या रकमेतले पाच टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी वेगळी प्रशिक्षण भरपाईही असते. पैसे नीट पोचावेत म्हणून २०२२ पासून फिफाने त्यासाठी स्वतंत्र व्यवस्थाच सुरू केली. एखाद्या लहान गावातल्या क्लबाला यातून नवं मैदान मिळू शकतं.

दुसरं उत्तर अमेरिकेचं. तिथेही शाळेला खेळाडूच्या कमाईतला वाटा मिळत नाही. पण सरकारी शाळेचं मैदान, साहित्य आणि कोचचा पगार करांच्या पैशांतून आधीच आलेला असतो. म्हणजे परतफेड नाही, पण खर्चाची तरतूद आहे.

कोकणात दोन्ही नाही. इथे खर्च उचलतात वर्गणी देणारे गावकरी, मुंबईचे चाकरमानी आणि पदरमोड करणारा क्रीडाशिक्षक. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडचा किनारा झोडपला, बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. अशा वर्षी गावाने आधी काय उभं करायचं, घर की मैदान? वर्गणीवर चालणारी खेळाची शाळा एका वादळात बंद पडू शकते.

काय करता येईल?

लीगसाठी हा खर्च किरकोळ आहे. १२ संघ गुणिले ५ कोटी, म्हणजे खेळाडूंवरचा खर्च ६० कोटींच्या घरात जातो. त्याच्या पाच टक्के बाजूला काढले तर ३ कोटी होतात. ते खेळाडूंच्या मानधनातून न कापता मालकांनी वर घातले आणि प्रत्येक खेळाडूच्या पहिल्या नोंदणीकृत मंडळाला आणि शाळेला वाटले, तर रक्कम लहान असेल. पण मॅटचा एक तुकडा, दिव्यांचं बिल किंवा वर्षभराचं बसभाडं त्यातून नक्की निघेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर मंडळांच्या हातात असलेली कामं आहेत. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे आणि जिल्हा संघटनेकडे नोंदणी करून घ्यावी. कुठल्या मुलाने कुठल्या वर्षापासून कुणाकडे सराव केला याची वही ठेवावी, कारण उद्या वाटा द्यायची वेळ आली तर पुरावा तोच असेल. राज्याच्या क्रीडा खात्याच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदानाच्या योजना आहेत, त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कागद नसलेल्या मंडळाला यातलं काहीच मिळत नाही.

आणि घरच्यांसाठी एवढंच. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार? करार किती हंगामांचा आहे? शिक्षण चालू ठेवायला मोकळीक आहे का?

१५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी मोठ्या खेळाडूंचे सत्कार होतात. त्याच दिवशी प्रत्येक जिल्ह्याने आपल्या खेळाडूंच्या पहिल्या मंडळांची यादी जाहीर केली, तर निदान एवढं कळेल की पुढच्या लिलावात कोट्यवधींची बोली लागणारा मुलगा कुणाच्या वर्गणीवर वाढला.